रोमन सैनिकाच्या तलवारीचे पैसे कोण भरत असे?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील रोमन सैन्यावरच्या लेखात लढायांची वर्णने उत्तम उतरली आहेत. सैनिकाच्या साहित्याविषयी मात्र त्यात तीन विधाने आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. मॅरियस या रोमन सेनापतीने इ.स.पू. १०७ मध्ये केलेल्या सुधारणांपासून रोमन सरकार सैनिकांना शस्त्रे फुकट देऊ लागले, हे पहिले. ऑगस्टसच्या काळात सैनिकाच्या हातात वर्षाला २२५ दिनार (चांदीची रोमन नाणी) पडत, हे दुसरे. आणि सर्व शस्त्रे सरकारी कारखान्यांत तयार होत, हे तिसरे. हीच विधाने पाठ्यपुस्तकांतून आणि माहितीपटांतून वर्षानुवर्षे फिरत आहेत. सैनिकांच्या पगाराचे खरे हिशेब आज आपल्यासमोर असताना ती तशीच फिरू देणे बरोबर नाही, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहोत.

सुरुवातीच्या रोममध्ये नागरिक स्वतःच्या खर्चाने सजून रणात उतरे. राजा सर्व्हियस टुलियसच्या नावावर परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या व्यवस्थेत मालमत्तेनुसार पाच वर्ग होते. एक लाख अ‍ॅस (तांब्याचे नाणे) किंवा त्याहून जास्त मालमत्ता असलेल्याने शिरस्त्राण, गोल ढाल, पोटऱ्यांवरची कवचे आणि चिलखत हे सगळे काशाचे आणायचे, शिवाय भाला आणि तलवार. दुसऱ्या वर्गाला चिलखत माफ, तिसऱ्याला पोटऱ्यांची कवचेही माफ. असे उतरत उतरत पाचव्या वर्गापाशी फक्त गोफण आणि दगड उरत. मराठी वाचकाला ही रीत समजायला अवघड जाऊ नये. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई, बारगिराला दोन्ही सरकारातून मिळे. जुना रोमन नागरिक शिलेदार होता आणि पुढे तो बारगीर झाला, असे आपल्या लेखाचे म्हणणे आहे. वस्तुस्थिती अशी की तो तिसऱ्याच प्रकारात गेला. हत्यार सरकारातून मिळे, पण त्याची किंमत त्याच्याच पगारातून वळती होई.

हा प्रकार मॅरियसच्या कितीतरी आधीपासून चालू होता. रोमन इतिहासकार लिव्हीने सैनिकांना सरकारी पगार सुरू झाल्याचे वर्ष इ.स.पू. ४०६ दिले आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर लिहिणाऱ्या पॉलिबियसने तर हिशेबच मांडला आहे. पायदळाच्या शिपायाला रोज दोन ओबोल (ग्रीक नाणे), सेंच्युरियनला, म्हणजे तुकडीच्या नायकाला, त्याच्या दुप्पट, घोडेस्वाराला एक द्राख्मा, म्हणजे सहा ओबोल. पायदळाला महिन्याला सुमारे दोन तृतीयांश मेडिम्नस गहू, आजच्या मापाने साधारण ३५ लिटर. त्यानंतरचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे: मित्रराज्यांच्या सैनिकांना धान्य फुकट मिळते, पण रोमन सैनिकाच्या बाबतीत धान्य, कपडे आणि जादा लागणारी शस्त्रे यांची ठरलेली किंमत क्वेस्टर, म्हणजे खजिन्याचा अधिकारी, पगारातून कापून घेतो. याचा अर्थ त्या काळी सरकारपाशी वाटण्याजोगा शस्त्रसाठा होता, सैनिक त्यातून शस्त्र उचलत होता आणि त्याच्या नावावर खर्च पडत होता. ऐपतीचा फरकही तोवर पुसला गेला नव्हता. १०,००० द्राख्मांहून अधिक मालमत्ता असलेला सैनिक कड्यांचे चिलखत घाली. बाकीच्यांच्या छातीवर काशाचा एक वीतभर चौरस पत्रा असे.

असा साठा जमा होण्याचे मार्गही नोंदलेले आहेत. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनी इथे हॅनिबलकडून झालेल्या पराभवानंतर माणसे होती पण शस्त्रे नव्हती. तेव्हा ८,००० गुलाम सरकारने विकत घेऊन सैन्यात भरले. देवळांत टांगलेली विजयचिन्हे उतरवण्यात आली आणि तुरुंगातून सोडलेल्या ६,००० लोकांच्या हाती फ्लॅमिनियसच्या विजययात्रेत मिरवलेली गॉल लोकांची शस्त्रे देण्यात आली. इ.स.पू. २०५ मध्ये सेनापती स्किपिओच्या मोहिमेसाठी आरेटियम (आजचे आरेत्झो) या एका शहराने ३,००० ढाली, ३,००० शिरस्त्राणे आणि निरनिराळ्या प्रकारचे मिळून ५०,००० भाले देऊ केले. त्याखेरीज कुऱ्हाडी, फावडी आणि १,२०,००० मोडियस (धान्याचे माप) गहू. मॅरियसच्या एक शतक आधी शस्त्रे अशी घाऊक जमा होत होती. मग मॅरियसने नवीन काय केले? त्याने मालमत्ता नसलेल्यांना भरती केले, गरुडाचे निशाण मुख्य केले आणि भाल्याच्या जोडातल्या दोन खिळ्यांपैकी एक लाकडी केला, म्हणजे शत्रूच्या ढालीत रुतल्यावर भाला वाकून निकामी व्हावा. सैनिकांच्या पाठीवर ओझे लादले ते वेगळेच. शस्त्रे सरकारी खर्चाने दिली, असे एकाही प्राचीन लेखकाने त्याच्याविषयी म्हटलेले नाही. निर्धन माणूस तलवार आणील कुठून, म्हणजे ती सरकारनेच दिली असणार, हा आधुनिक तर्क आहे. पण निर्धन माणूसही पगारातून हप्ते फेडू शकतो, ही शक्यता त्यात सुटून जाते.

फुकट वाटपाचा एक कायदा खरोखर झाला होता. तो मॅरियसचा नव्हे, गायस ग्रॅकसचा, इ.स.पू. १२३ मधला. सैनिकाला कपडे सरकारी खर्चाने द्यावेत, त्यापोटी पगार कापू नये आणि १७ वर्षांखालच्या मुलाला भरती करू नये, असा तो कायदा. त्यात कपड्यांचा उल्लेख आहे, शस्त्रांचा नाही. आणि तोही फार काळ टिकला नाही, हे पुढच्या हिशेबांवरून दिसेल.

आता २२५ दिनारांविषयी. सीझरने पगार दुप्पट केला, त्यानंतरचा वार्षिक आकडा २२५ दिनार. तो वर्षातून तीनदा, ७५ दिनारांच्या हप्त्यांनी देय होई. एका दिनाराचे १६ अ‍ॅस, म्हणजे वर्षाचे ३,६००, दिवसाचे सुमारे दहा. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारल्यावर पॅनोनिया (डॅन्यूबकाठचा प्रांत) इथल्या छावणीत बंड झाले. त्यातल्या पर्केनियस नावाच्या साध्या शिपायाच्या भाषणात इतिहासकार टॅसिटसने नेमका हाच आकडा घातला आहे: आमचा जीव आणि शरीर यांची किंमत रोज दहा अ‍ॅस, आणि त्यातूनच कपडे, शस्त्रे, तंबू, आणि सेंच्युरियनचा छळ टळावा, कष्टाच्या कामातून सुटका मिळावी म्हणून द्यायचे पैसे. मॅरियसनंतर १२० वर्षे उलटून गेली होती आणि शस्त्रांचे पैसे पगारातूनच जात होते. आपल्या लेखाचे पहिले विधान खोडायला एवढा एक पुरावा पुरेसा आहे.

पर्केनियसचे बोलणे बंडखोराचे आहे, त्यात अतिशयोक्ती असेल, असे कोणी म्हणेल. म्हणून प्रत्यक्ष कागद पाहावेत. जिनिव्हाच्या संग्रहात इजिप्तमधला एक पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला कागद) आहे, इ.स. ८१ चा. दमास्कसच्या क्विंटस ज्युलियस प्रोक्युलस या सैनिकाचा वर्षाचा जमाखर्च त्यात लॅटिनमध्ये ओळीने लिहिला आहे. रकमा इजिप्तच्या द्राख्मांत आहेत. चार द्राख्मा म्हणजे एक दिनार धरावा.

पहिल्या हप्त्यात जमा २४८. वजा: चारा १०, अन्न ८०, जोडे आणि पायपट्ट्या १२, छावणीतला सॅटर्नेलियाचा सण २०, कपडे ६०. एकूण वजावट १८२. उरले ६६, आधीची शिल्लक १३६, मिळून २०२.

दुसऱ्या हप्त्यात जमा २४८. चारा, अन्न आणि जोडे पूर्वीसारखेच, शिवाय 'निशाणाकडे' ४. वजावट १०६, उरले १४२, शिल्लक ३४४.

तिसऱ्या हप्त्यात जमा पुन्हा २४८. चारा १०, अन्न ८०, जोडे १२ आणि कपडे १४६. बेरीज बरोबर २४८. हाती काही नाही, शिल्लक जशीच्या तशी ३४४.

या हिशेबाकडे नीट पाहावे. वर्षाची जमा ७४४ द्राख्मा आणि वजावट ५३६, म्हणजे शंभरातले ७२. अन्नावर २४० गेले, तर कपडे आणि जोडे मिळून २४२. अंगावरच्या वस्तू पोटापेक्षा महाग पडल्या. जोड्यांचे १२ दर हप्त्याला ठरलेले आहेत. जोडा झिजो वा न झिजो, रक्कम कापली जाणारच. एकेका जोडाची किंमत लावली असती तर तीनही वेळा तोच आकडा आला नसता. कपड्यांचे मात्र तसे नाही. पहिल्या वेळी ६०, दुसऱ्या वेळी काहीच नाही, तिसऱ्या वेळी एकदम १४६. कपडा घेतला तेव्हा खर्च पडला. ग्रॅकसच्या कायद्याचे काय झाले, तेही इथेच दिसते. चाऱ्याचे दहा पायदळाच्या माणसाला का, याचे सर्वांत सरळ उत्तर म्हणजे आठ जणांच्या तंबूमागे असणाऱ्या खेचरातला त्याचा वाटा.

मसाडा इथे सापडलेला इ.स. ७२ चा पपायरस याहून कडक आहे. बेरूतच्या गायस मेसियसच्या नावावर जमा ५० दिनार. वजा: जवाचे १६, अन्न २०, जोडे ५, चामड्याचे पट्टे २, लिननचा सदरा ७. बेरीज बरोबर ५०, शिल्लक शून्य. प्रोक्युलसला जोडे आणि पायपट्ट्या मिळून तीन दिनारांत मिळत होत्या. इथे जोडे आणि पट्टे सात दिनारांना पडले. दर सर्वत्र सारखा नव्हता. कुठल्या प्रांतात नेमणूक होते यावर सैनिकाची बचत ठरत होती. त्यामुळे '२२५ दिनार हातात' हे विधान म्हणजे हिशेबाची पहिली ओळ वाचून कागद खाली ठेवण्यासारखे आहे.

या दोन्ही हिशेबांत शस्त्रे नाहीत, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तरही आहे. प्रोक्युलसची १३६ द्राख्मांची जुनी शिल्लक सांगते की तो नवा रंगरूट नव्हता. आमच्या मते त्याच्या शस्त्रांची किंमत सुरुवातीच्या वर्षांतच वळती झालेली होती. नोकरी संपताना काय होई, हे इ.स. १४३ च्या दुसऱ्या एका पपायरसात आहे. आमोनियस नावाचा साहाय्यक तुकडीचा सैनिक वारला. त्याची आई आमोनारियन हिला त्याच्या खात्यातून मिळालेल्या पैशांची ती पावती आहे. ठेवीखेरीज त्यात दोन रकमा वेगळ्या दाखवल्या आहेत: शस्त्रांपोटी २१ दिनार आणि वर काही ओबोल, आणि तंबूपोटी २० दिनार. सैनिकाने भरलेले पैसे वस्तू परत घेऊन वारसाला दिले गेले. तंबू आठ जणांचा धरला तर आमोनियसच्या वाट्यावरून पुऱ्या तंबूची किंमत १६० दिनार येते. चामड्याच्या एवढ्या मोठ्या वस्तूला ती फार वाटत नाही. या एका पावतीवरून सगळी पद्धत उलगडते. शस्त्र सैनिकाच्या नावावर खर्ची पडे, तो जिवंत असेतो त्याच्यापाशी राही, आणि मागाहून रक्कम परत करून वस्तू पुढच्या माणसाकडे जाई.

लोखंड आणि पितळ स्वतःही हेच सांगतात. ब्रिटिश म्युझियममध्ये लंडनला सापडलेले पितळी शिरस्त्राण आहे. त्याच्या मानेवरच्या पट्टीवर ठिपके ठोकून चार वेगवेगळ्या मालकांची नावे, त्यांच्या सेंच्युरियनसह, कोरली आहेत. टोपी एक, मालक चार. तिचे आयुष्य एका माणसाच्या नोकरीहून कितीतरी मोठे होते, आणि प्रत्येकाला आपले नाव घालावेसे वाटले कारण ती हरवली तर भुर्दंड त्याच्याच डोक्यावर. टाइन नदीत सापडलेली ढालीची नाभी (मूठ झाकणारा घुमट) याच संग्रहात आहे. तिच्यावर आठवी ऑगस्टा लीजन (लीजन म्हणजे रोमन सैन्याची काही हजारांची मोठी पलटण), ज्युलियस मॅग्नसची सेंच्युरी आणि ज्युनियस ड्युबिटाटस ही नावे आहेत, शिवाय गरुड, बैल, मार्स देव आणि ऋतूंची चित्रे. एवढी नक्षी भांडारातल्या सरसकट मालावर नसते. ऐपत असलेला सैनिक चांगला माल स्वतःहून घेत असे. सीझरने तर सोन्या-चांदीने मढवलेली शस्त्रे बाळगायला आपल्या सैनिकांना उत्तेजन दिले. सुएटोनियसने कारण दिले आहे: शोभेसाठी, आणि नुकसानीच्या भीतीने ते लढाईत ती घट्ट धरून ठेवतील म्हणून.

मग शस्त्राचा मालक कोण? पैसे सैनिकाने भरले म्हणजे ते त्याचे झाले, असे रोमन कायदा मानत नव्हता. इ.स. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा कायदेपंडित पॉलस याने शस्त्र विकणे हा गंभीर गुन्हा ठरवून शिक्षा वस्तूनुसार लावली आहे. पोटरीचे किंवा खांद्याचे आवरण विकले तर फटके. चिलखत, ढाल, शिरस्त्राण किंवा तलवार विकली तर फरारी सैनिकाची शिक्षा. नव्या रंगरुटाला माफी सहज मिळे. आणि बहुतेक वेळा दोष शस्त्रभांडाराच्या रखवालदाराकडे जाई, कारण त्याने अवेळी शस्त्र हाती दिले. या शेवटच्या तपशिलाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. शांततेच्या काळात शस्त्रे सैनिकाच्या खोलीत नव्हे, भांडारात असत आणि ठरलेल्या वेळी बाहेर निघत. तेव्हा ती पूर्णपणे सैनिकाची नव्हती आणि पूर्णपणे सरकारचीही नव्हती. भरलेली रक्कम सैनिकाची, विकायची परवानगी कोणालाच नाही.

पैसे राहत कुठे? निशाणापाशी. निशाण वाहणारा सिग्निफर हाच तुकडीचा खजिनदार असे. व्हेजेशियसने लिहिले आहे की लीजनच्या दहा कोहर्टच्या (पोटतुकड्यांच्या) दहा पिशव्या असत आणि अकरावी पिशवी अंत्यविधीच्या वर्गणीची. सैनिकाची ठेव निशाणाजवळ असली की तो निशाण सोडून पळत नाही, हा त्यामागचा विचार. त्यात धोकाही होता. इ.स. ८९ मध्ये सॅटर्नायनस या सुभेदाराने बंड केले तेव्हा एकाच छावणीत राहणाऱ्या दोन लीजनच्या ठेवींच्या बळावर त्याला हिंमत आली, असे मानले गेले. मग सम्राट डोमिशियनने एका सैनिकाने निशाणापाशी १,००० सेस्टर्सहून अधिक ठेवू नये असा नियम केला. १,००० सेस्टर्स म्हणजे २५० दिनार.

तिसरे विधान, सरकारी कारखान्यांचे. पहिल्या दोन-तीन शतकांत माल निदान चार वाटांनी येत होता.

पहिली वाट छावणीतलीच. प्रत्येक लीजनची स्वतःची फॅब्रिका, म्हणजे कर्मशाळा, होती. इजिप्तमधल्या लीजनच्या कर्मशाळेतला दोन दिवसांच्या कामाचा एक कागद बर्लिनमध्ये आहे. शंभरेक माणसे कामाला होती, त्यांत कष्टाच्या कामातून सूट मिळालेले कारागीर-सैनिक, साधे सैनिक, छावणीतले नोकर आणि नागरी मजूरही. दहा लांब तलवारी तयार झाल्या. त्याखेरीज दोन प्रकारच्या ढाली, लोखंडी पत्रे, धनुष्ये आणि दगडफेकी यंत्रांचे भाग. इंग्लंडच्या उत्तरेतल्या विंडोलांडाच्या एका लाकडी पट्टीवर २५ एप्रिलची हजेरी आहे: कर्मशाळांत ३४३ माणसे, त्यांपैकी १२ चांभार आणि १८ न्हाणीघराच्या बांधकामावर. ३४३ पैकी बारा जण नुसते चामड्याच्या कामाला, यावरून जोडे किती झिजत ते कळते. तळव्याला खिळे ठोकलेले जोडे मातीच्या रस्त्यावर चांगले चालत, पण दगडावर खिळे झडत आणि पाय घसरे. जेरुसलेमच्या मंदिराच्या फरसबंदीवर ज्युलियानस नावाचा सेंच्युरियन अशाच जोड्यांमुळे घसरून पडला आणि मारला गेला, असे जोसेफसने लिहिले आहे. खिळ्यांसाठी वेगळे पैसे मिळावेत, अशी मागणी सैनिक करीत. ऑस्टिया आणि पुतिओलीहून रोमपर्यंत वारंवार पायी येणाऱ्या नौसैनिकांनी जोड्यांचा भत्ता मागितला, तेव्हा सम्राट व्हेस्पेशियनने त्यांना अनवाणी चालायचा हुकूम दिला.

दुसरी वाट मागणीपत्राची. इ.स. १३८ मध्ये इजिप्तमधल्या फिलाडेल्फिया गावच्या विणकरांना कॅपाडोशियातल्या सैन्यासाठी ऑर्डर मिळाली. मापे हातात आणि बोटांत आहेत, आपल्या विणकरांना ओळखीची वाटावीत अशी. पट्टा बांधून घालायचा पांढरा सदरा एक, साडेतीन हात लांब, तीन हात चार बोटे रुंद, वजन पावणेचार मिना (वजनाचे माप), आगाऊ २४ द्राख्मा. पांढरे सीरियन झगे चार, प्रत्येकी सहा हात लांब, चार हात रुंद, वजन पावणेचार मिना, प्रत्येकी २४ द्राख्मा. लष्करी इस्पितळासाठी पांढरे पांघरूण एक, वजन चार मिना, २८ द्राख्मा. एकूण १४८. लोकर मऊ आणि शुद्ध पांढरी हवी, डाग नको, वीण घट्ट आणि काठ पुरे केलेले हवेत, अशी अट आहे. वजन का लिहिले, हे कोणत्याही विणकराला कळेल. मापात बसणारा पण विरळ विणलेला कपडा लांबी-रुंदीच्या तपासणीत पकडता येत नाही, तागडीत मात्र सापडतो. सैनिकाच्या हिशेबातली '१४६' ची ओळ अशाच मागणीपत्रांतून आलेल्या कपड्यांची असावी.

तिसरी वाट ठेकेदार आणि करवसुली, आणि घोटाळे बहुतेक इथलेच. इ.स.पू. २१५ मध्ये स्पेनमधल्या फौजेला पैसे, कपडे आणि धान्य पाठवायला खजिन्यात काही नव्हते. १९ जणांच्या तीन कंपन्यांनी उधारीवर पुरवठा करायचे मान्य केले, दोन अटींवर. ठेका चालू असेतो त्यांना लष्करी सेवेतून सूट, आणि शत्रू किंवा वादळ यांनी जहाजातला माल बुडाला तर नुकसान सरकारचे. दुसरी अट ठेकेदारांनी कशी वापरली, ते तीन वर्षांत उघड झाले. पोस्टुमियस नावाच्या ठेकेदाराने आणि त्याच्या साथीदाराने मोडक्या जहाजांत थोडासा कमी किमतीचा माल भरला, जहाजे मुद्दाम बुडवली आणि भारी मालाची भरपाई मागितली. वसुलीतला गोंधळ याहून महाग पडला. ऱ्हाईनपलीकडच्या फ्रिसी लोकांवर लष्करासाठी गुरांच्या कातड्यांचा कर होता, जाडी किंवा आकार ठरलेला नव्हता. ऑलेनियस नावाच्या अधिकाऱ्याने रानबैलाचे कातडे हेच माप ठरवले. त्यांच्या लहान चणीच्या गुरांतून ते माप भरणे शक्यच नव्हते. आधी गुरे गेली, मग शेते, मग बायकामुले गुलामीत. इ.स. २८ मध्ये बंड पेटले. ढालीची आवरणे आणि तंबू यांच्या कातड्याचा दर्जा एकाने एका फटक्यात बदलला आणि रोमला त्यात शेकडो सैनिक गमवावे लागले. साधी वाहतूकही अडत असे. विंडोलांडाचाच ऑक्टेव्हियस लिहितो की कातडी कॅटरॅक्टोनियमला पडून आहेत, पण रस्ते खराब असताना जनावरांचे हाल करायला नकोत म्हणून ती आणली नाहीत.

चौथी वाट घरची. इ.स. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियाच्या आरमारातला क्लॉडियस टेरेन्शियानस वडिलांना कळवतो की लढाईची तलवार, कुदळ, आकडा, मिळतील तितके चांगले दोन भाले, झगा आणि पट्ट्याचा सदरा पाठवा. सरकारी पुरवठा पुरेसा असता तर सैनिकाने तलवार घरून मागवली नसती.

दुरुस्तीचा खर्चही विसरून चालणार नाही. कड्यांचे चिलखत करायला अतोनात वेळ लागे, हजारो कडी एकेक करून बंद करायची. पण ते टिके, आणि तुटलेल्या जागी नवी कडी घातली की काम भागे. पट्ट्यांचे चिलखत लवकर तयार होई, पण बिजागऱ्या आणि बकला पातळ पितळी पत्र्याच्या, त्या सतत तुटत. लोखंडाला पितळ भिडले की घामात आणि पावसात लोखंड लवकर गंजे, ही दुसरी पीडा. कॉर्ब्रिजला १९६४ मध्ये सापडलेल्या पेटीतल्या चिलखतांवर तुटलेल्या जोडांच्या जागी साधे रिव्हेट मारून भागवल्याच्या खुणा आहेत. ढाल थरांच्या लाकडाची, ती पाण्याने उकलते, म्हणून प्रवासात तिला चामड्याची खोळ. नर्व्ही लोकांनी अचानक हल्ला केला तेव्हा सीझरच्या सैनिकांना त्या खोळी काढायलाही वेळ मिळाला नाही.

आपल्या लेखातले सरकारी कारखाने खोटे नाहीत, पण ते तीनशे वर्षे नंतरचे आहेत. तिसऱ्या शतकात नाण्यांची किंमत ढासळल्यावर पगारातून कापून घेण्यात अर्थ उरला नाही, आणि सम्राट डायोक्लेशियनच्या काळापासून शस्त्रे-कपडे वस्तुरूपाने दिले जाऊ लागले. इ.स. ४०० च्या सुमाराच्या नोटिशिया डिग्निटाटम या अधिकृत यादीत अशा पस्तीसेक कारखान्यांची नावे आहेत, प्रत्येकाच्या कामासह: कॉन्कोर्डियाला बाण, क्रेमोनाला ढाली, मांटुआला चिलखते, तिकिनमला धनुष्ये, लुकाला तलवारी. कामगार वंशपरंपरेने बांधलेले होते आणि इ.स. ३९८ च्या कायद्याने त्यांच्या दंडावर डाग दिला जाई, पळाले तर ओळखता यावेत म्हणून. त्या काळच्या सैनिकाला शस्त्र खरोखरच फुकट मिळे. त्याची किंमत डाग दिलेल्या लोहारावर आणि शेतसारा भरणाऱ्या कुणब्यावर गेली होती. ही व्यवस्था ऑगस्टसच्या सैन्याला चिकटवणे म्हणजे पेशवाईतला कारभार महाराजांच्या काळात दाखवण्यासारखे आहे.

पुढच्या अंकात निदान दोन दुरुस्त्या छापाव्यात, ही विनंती. मॅरियसच्या नावापुढचा 'मोफत शस्त्रे' हा उल्लेख काढावा. आणि चौकटीत जिथे '२२५ दिनार निव्वळ उत्पन्न' असे छापले आहे, तिथे 'कपातीपूर्वीचा पगार. अन्न, कपडे, जोडे आणि शस्त्रे यांचा खर्च यातूनच' असे घालावे.

आपले,
प्राचीन इतिहासाचे काही अध्यापक, पुणे